नवख्याच्या बाजूने मांडलेला अभ्यासगट

चार-सहा स्नेह्यांना घरी बोलावून बायबलमधील एखादा भाग एकत्र वाचावा आणि त्यावर मोकळेपणाने बोलावे, या साध्या उपक्रमाला मंडळ्यांच्या व्यवहारात ‘लघुगट बायबल अभ्यास’ असे भारदस्त नाव मिळाले, आणि तेव्हापासून त्याभोवती मार्गदर्शक पुस्तिका, प्रशिक्षणवर्ग व तक्ते यांचा पसारा वाढतच गेला आहे. या पसाऱ्यात पाळक, सेवक आणि युवक-कार्यकर्ते यांच्या नजरेतून बहुधा निसटतो तो एकच प्रश्न, की अशा गटाची मांडणी नेमकी कोणाच्या सोयीने केली जाते. गीते, प्रार्थना, वचनांचे क्रमांक तोंडपाठ असण्याची सवय, एकमेकांशी बोलण्याची ठरावीक भाषा हे सारे मंडळीत वाढलेल्या माणसाच्या अंगवळणी पडलेले असते. ज्या मित्रासाठी गट सुरू करायचा म्हणून सांगितले जाते, त्याला मात्र यातले काहीच ठाऊक नसते. गटाचा प्रत्येक तपशील या नवख्या माणसाच्या बाजूने ठरवावा, हे या संपादकीयाचे प्रतिपादन आहे, आणि त्याला आधार आहे तो कोलकात्यात घडलेल्या व एका मराठी विदुषीने स्वतः नोंदवून ठेवलेल्या प्रसंगाचा.

दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावल्यानंतर भाऊ श्रीनिवास यांच्यासह भारतभर पायी फिरत, पुराणे सांगत पंडिता रमाबाई 1878 मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील पंडितांनी त्यांची विद्वत्ता पारखून त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. याच मुक्कामात काही ख्रिस्ती लोकांनी या भावंडांना आपल्या मेळाव्याला बोलावले. पुढे 1907 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी त्या संध्याकाळचे जे वर्णन केले आहे, ते प्रत्येक गटप्रमुखाने वाचावे असे आहे. इंग्रजांबरोबर ब्राह्मण मंडळी खाताना-पिताना पाहून या भावंडांना वाटले, की कलकत्त्यात कलियुग पुरते अवतरले आहे. मग कोणी एक ग्रंथ उघडून त्यातले काही वाचले, आणि त्यानंतर सारेजण आपापल्या खुर्च्यांसमोर गुडघे टेकून, डोळे मिटून काही बोलू लागले. ही त्यांची प्रार्थना आहे असे सांगण्यात आले खरे, पण समोर कोणतीही मूर्ती दिसत नसल्याने हे लोक खुर्च्यांनाच नमन करीत आहेत की काय, असा पाहुण्यांचा समज झाला. निघताना रमाबाईंना संस्कृत बायबलची प्रत देण्यात आली. त्यांनी ती वाचू पाहिली, परंतु ती भाषा त्यांच्या परिचयाच्या संस्कृत वाङ्मयापेक्षा आणि तीतील शिकवण त्यांच्या परिचयाच्या शिकवणीपेक्षा इतकी वेगळी होती, की हे पुस्तक वाचणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असे ठरवून त्यांनी ते बाजूला ठेवले.

यजमानांच्या हेतूत खोट काढण्याचे कारण नाही. त्यांनी आदराने बोलावले, पाहुणचार केला, ग्रंथ वाचला, प्रार्थना केली, आणि विदुषीला विदुषीच्या भाषेतील प्रत भेट दिली. आजच्या कोणत्याही पुस्तिकेतील बहुतेक सूचना त्यांनी नकळत पाळल्या होत्या असे म्हणावे लागेल. तरीही बुद्धीने त्या खोलीतील कोणाहूनही कमी नसलेली पाहुणी रिकाम्या हाताने परतली, कारण काय चालले आहे, का चालले आहे आणि तिच्याकडून काय अपेक्षित आहे, हे तिला समजेल अशा बेताने काहीच मांडलेले नव्हते. ग्रंथाचे वाचन झाले, पण त्या वाचनावर तिला प्रश्न विचारता आला असे तिच्या वर्णनातून कोठेही दिसत नाही.

याच्या नेमके उलट चित्र दोन-तीन वर्षांत सिलचर येथे दिसते. 1880 मध्ये रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी आंतरजातीय विवाह केला आणि त्या आसामात राहू लागल्या. घरातल्या पुस्तकांत त्यांना एक लहानशी पुस्तिका सापडली. ती तेथे कशी आली हे त्यांनाही ठाऊक नव्हते. ते लूकचे शुभवर्तमान होते, म्हणजे येशूचे जीवन व शिकवण सांगणाऱ्या नव्या करारातील चार पुस्तकांपैकी एक, आणि ते होते बंगालीत, म्हणजे त्या घरात रोज कानांवर पडणाऱ्या भाषेत. ती त्यांनी मोठ्या आवडीने वाचली. पुढे सिलचरचे बॅप्टिस्ट मिशनरी ॲलन त्यांच्या घरी येऊन त्यांना उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय समजावून सांगू लागले, आणि प्रश्नांना जागा मिळाली. सबंध ग्रंथाऐवजी एकच लहान पुस्तक, प्रतिष्ठेच्या भाषेऐवजी घरची भाषा, परक्या दिवाणखान्याऐवजी स्वतःचे घर: तीनही बाबतींत पारडे वाचकाच्या बाजूला झुकलेले होते.

भाषेची निवड हा म्हणूनच पहिला व्यावहारिक निर्णय होय. कोलकात्यातील मराठी कुटुंबाने शेजारच्या बंगाली स्नेह्यांना बोलावले, तर मजकूर कोणत्या भाषेत ठेवायचा हे यजमानांच्या भक्तीच्या सवयीवरून ठरवू नये. पाहुणा ज्या भाषेत घरी भांडतो आणि हिशेब करतो, ती भाषा निवडावी. हा धडा मराठी बायबलच्या इतिहासातच आहे, आणि तोही याच शहराच्या परिसरातला. 1800 च्या जानेवारीत श्रीरामपूरला स्थिरावलेले विल्यम कॅरी पुढल्या वर्षापासून फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवू लागले, पुढे तेथे मराठीचेही अध्यापन करू लागले, आणि वैजनाथ शर्मा या पंडितांच्या साह्याने त्यांचे मराठीतील काम चालले. हुगळीच्या काठी 1805 मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि 1811 मध्ये सबंध नवा करार मराठीत छापून निघाला. मराठी मुलखापासून इतक्या दूर तयार झालेल्या या मजकुरावर मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांचे समाधान झाले नाही व त्यांनी नव्याने भाषांतर हाती घेतले. आणि ज्या रमाबाईंनी संस्कृत बायबल मिटून ठेवले होते, त्यांनीच उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून, सामान्य बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत सबंध बायबल आणण्याचे काम केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये केले. 1922 मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर, 1924 मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. आज एकाच गटात तीन निरनिराळी भाषांतरे फडफडत असतात आणि अर्धा वेळ ती जुळविण्यात जातो. सर्वांना एकाच आवृत्तीच्या प्रती द्याव्यात आणि अध्याय-वचनाच्या जोडीने पृष्ठक्रमांकही सांगावा, म्हणजे ‘मार्क दोन, एक ते बारा’ हे शब्द ऐकून नवख्या माणसाला अनुक्रमणिका शोधत बसावे लागत नाही.

घरगुती गटांची परंपरा जुनी आहे, पण तिच्या इतिहासात फार वेळ गुंतण्याचे कारण नाही. फिलिप याकोब श्पेनर यांनी 1670 मध्ये फ्रांकफुर्ट येथे आपल्या घरी असे मेळावे भरविले. 1742 मध्ये ब्रिस्टल येथे मेथॉडिस्टांचे बाराजणांचे ‘वर्ग’ सुरू झाले ते मुळात सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी दर आठवड्याला प्रत्येकी एक पेनी गोळा करायला, आणि घरोघर फिरता फिरता वसुली करणाऱ्यांना लोकांची दुखणी कळू लागली, ही त्यातली मौज. कोलकात्यापुरते पाहिले तर केशवचंद्र सेन यांनी 1860 मध्ये ब्राह्म तरुणांसाठी स्थापन केलेली संगतसभा हे धार्मिक प्रश्नांवर आपसात बोलणाऱ्या लहान मंडळाचे ठळक उदाहरण आहे. शिवाय या शहरात अड्डा, म्हणजे ठरावीक विषयावाचून रंगणारी मित्रांची बैठक, ही घराघरांत मुरलेली रीत आहे. अड्ड्यात कोणी मास्तर नसतो, हा गुण गटाने जरूर उचलावा. परंतु अड्ड्यात ज्याची जीभ चपळ त्याचे राज्य चालते, आणि या दोषावर उतारा म्हणून अभ्यासगटात समोर एकच छापील उतारा असतो, ज्याकडे कोणीही कोणालाही परत आणू शकतो. प्रमुखाचे मुख्य काम एवढेच, की चर्चा भरकटली तर ‘हे येथे कोठे दिसते?’ असे विचारावे. उत्तर देण्याची त्याची हौस हा गटाला लागणारा सर्वांत सामान्य रोग आहे, आणि धर्मशास्त्राचे शिक्षण घेतलेल्यांत तो अधिक बळावलेला आढळतो.

अभ्यासाची प्रचलित पद्धत तीन पायऱ्यांची आहे: निरीक्षण, म्हणजे मजकूर काय सांगतो ते टिपणे, अर्थबोध, म्हणजे तो तसे का सांगतो हे शोधणे, आणि उपयोजन, म्हणजे त्याचा आपल्या जगण्याशी संबंध पाहणे. व्यवहारात पहिली पायरी घाईने ओलांडली जाते. मार्कच्या दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीचा प्रसंग घेतला, तर चौघांनी वाहून आणलेला पक्षाघाती, दारात दाटलेली गर्दी, उकरलेले छप्पर आणि खाली सोडलेली बाज एवढे सर्वांना दिसते. महाराष्ट्राच्या पठारावरील मातीचे धाबे ज्याने पाहिले आहे, त्याला छप्पर उकरणे लगेच डोळ्यांसमोर येते. लूक मात्र त्याच प्रसंगात कौलांचा उल्लेख करतो, आणि हा फरक एखाद्याच्या लक्षात आला तर प्रमुखाने दचकण्याचे कारण नाही. मग विचारावे, की येशूने कोणाचा विश्वास पाहिला असे मजकूर म्हणतो? ‘त्यांचा’ असे तेथे आहे. त्यात बाजेवरचा माणूस धरायचा की नाही, यावर गट बहुधा दुभंगतो, आणि मग कोणाच्या तरी ध्यानात येते, की तो रोगी या सबंध प्रसंगात एक शब्दही बोलत नाही. आजारी माणसाला चालते करण्याआधी पापक्षमेची भाषा का आली, शास्त्री मनातल्या मनात कशावर आक्षेप घेतात, आणि तो आक्षेप त्यांच्या दृष्टीने रास्त होता का, हे प्रश्न यानंतर आपोआप येतात. छप्पर नंतर कोणी दुरुस्त केले, असेही नवखा माणूस हमखास विचारतो. त्यावर हसून पुढे जाणारा प्रमुख त्याला पुन्हा बोलते करू शकत नाही. मजकूर याविषयी गप्प आहे, हे प्रामाणिक उत्तर पुरेसे असते.

बाकीचे तपशील थोडक्यात सांगता येतात. सहा ते आठ माणसे, सव्वा तास आणि ठरलेल्या वेळी समाप्ती. मार्कचे सोळा अध्याय एका दमात घेण्याचा संकल्प करण्याऐवजी आधी सहा बैठकांचीच बोली करावी, म्हणजे ज्याला थांबायचे त्याला संकोच न बाळगता थांबता येते. गाणी नसली तरी चालतात. प्रार्थना करायची असल्यास ती कोण व कशासाठी करणार आहे हे आधी सांगावे, एक-दोन वाक्यांत आटोपावी आणि पाहुण्याला त्यात सामील होण्याचा आग्रह करू नये. खाण्याचे पदार्थ ही क्षुल्लक बाब नव्हे, हे 1878 चा मेळावा सांगतो: पाहुण्याचा उपवास, शाकाहार किंवा शिवण्याची अडचण आधी विचारून घेतली, तर बशी कोणाच्याही आड येत नाही.

निमंत्रण देताना हेतू लपविणे मात्र सर्वथा अयोग्य होय. वाढदिवसाच्या किंवा जेवणाच्या नावाखाली बोलावून बायबल पुढे करणे ही फसवणूक आहे, आणि ती उघडकीस आल्यावर मैत्री व गट दोन्ही जातात. पाहुण्याचे घरही विचारात घ्यावे लागते. मेधावी मिशनच्या शाळेत शिकलेले असूनही, पत्नीचा कल ख्रिस्ती धर्माकडे झुकत असल्याचे दिसताच अस्वस्थ झाले आणि ॲलन यांचे येणे बंद करण्याची भाषा बोलू लागले. 1882 च्या फेब्रुवारीत त्यांचे अकाली निधन झाले. रमाबाई पुण्यास परतल्या, तेथे मिस हरफर्ड यांच्याबरोबर मराठी नवा करार वाचू लागल्या, आणि बाप्तिस्मा झाला तो 1883 च्या सप्टेंबरात, इंग्लंडमध्ये वाँटेज येथे. कलकत्त्याच्या त्या मेळाव्यापासून येथवर पाच वर्षे गेली, आणि त्यांतील एकही टप्पा कोणा संयोजकाने आखलेला नव्हता.

या अनुषंगाने मंडळ्यांच्या कार्यालयांना एक विनंती करणे आवश्यक वाटते. घरगुती गट सुरू झाल्याचे कळताच उपस्थितीचा तक्ता, पाहुण्यांची नावे व पत्ते आणि ‘निष्पत्ती’चा रकाना भरून मागविण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ झाली आहे. ज्या मित्राला केवळ वाचण्यासाठी बोलावले, त्याचे नाव त्याच्या नकळत वार्षिक अहवालात चढविणे हा विश्वासभंग आहे, आणि आजच्या वातावरणात त्याचा त्रास त्यालाच होण्याचा संभव अधिक. गटप्रमुखांनी अशी यादी देण्यास नम्रपणे नकार द्यावा आणि पाळकांनी त्या नकाराची पाठराखण करावी. कार्यालयाला कळविण्याजोगी माहिती फार तर एवढीच, की अमुक भागात एक गट मार्कचे शुभवर्तमान वाचत आहे व त्याला बंगाली प्रती हव्या आहेत.