कान टवकारले की पाडले?

हा अंक सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचा. तापीकाठचं हे गाव १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होतं, आता नंदुरबारमध्ये. जळगाव-धुळेकरांना मात्र ते अजून घरचंच. दत्तजयंतीच्या यात्रेतला हा बाजार 'चेतक फेस्टिव्हल'मुळे पर्यटकांच्या नकाशावर आला आणि खरेदीदारांच्या जोडीला सेल्फीवालेही आले. मारवाडी घोड्याचे आत वळून टोकाला टेकणारे कान हातभर अंतरावरून पाहण्याची मौज आम्हालाही आहेच. पण तेच कान मागे पडले की जनावर वैतागलंय, हे किती पाहुण्यांना कळतं? म्हणून यंदा रोषणाईपेक्षा दावणीकडे अधिक पाहिलं आहे: दात बघून वय सांगणारे जाणकार, खरारा करणारी पोरं, गर्दीने बिचकणारी शिंगरं. घोडा नाचवण्यावरून तर आमच्यातच वाद झाला. तुम्ही कोणत्या बाजूचे? जरूर कळवा.