सुक्या लाकडांचे देणे

पावसाळी सहलीबद्दल लिहिताना आपण सारे एकच वाक्य लिहितो, 'चिंब भिजण्यातली मजा काही औरच!' मला आता ते लिहवत नाही.

गेल्या जुलैत आम्ही चौघे मित्र पाठीला पिशव्या बांधून जांबोटीहून कणकुंबीकडे पायी निघालो. मलप्रभेचा उगम पाहायचा, एवढाच हेतू. वाऱ्याने छत्र्या उलटल्या, बुटांत पाणी भरले, पिशवीतल्या भाकरीचा लगदा झाला. पावसाला आम्ही मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत शिव्या दिल्या. हेच पाणी पुढे सौंदत्तीजवळ नवीलतीर्थच्या धरणात साठते, हे त्या वेळी कोणाला आठवणार?

संध्याकाळी रस्त्याकडेच्या घरातील एका आजींनी हाक मारून आत घेतले. पेटती चूल, ऊन ऊन पेज, मिठातली मिरची आणि अंगावर कोरडे घोंगडे. घरच्या आमटीला नावे ठेवणारे आम्ही, पेजेच्या दुसऱ्या वाडग्यासाठी लाजत हात पुढे करीत होतो. रात्रभर चुलीपाशी आमचे कपडे वाळत होते.

सकाळी पैसे देऊ केले. आजी हसून म्हणाल्या, "नकोत रे पोरांनो. ह्या दिवसांत पैसे दिले तरी सुकं लाकूड मिळत नाही."

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. प्रत्येक जमेपोटी कुठेतरी नावे पडतेच, हे पहिल्याच वर्षी शिकलो. उन्हाळ्यात डोक्यावरून मोळ्या वाहून आजींनी चार महिन्यांची बेगमी केली होती. आमच्या एका रात्रीच्या उबेपायी तिच्यातले किती जळले, याचा हिशेब आमच्यापैकी एकानेही केला नव्हता.

भिजल्याने माणूस घडतो, हे मला पटत नाही. ज्याचे कोरडे कपडे घरी वाट पाहत असतात, त्यालाच भिजण्याची मजा. 'खेड्यातली माणसे थोडक्यात सुखी असतात' हे तर त्याहून सोयीचे असत्य. कृतज्ञता म्हणजे नुसते डोळे पाणावणे नव्हे. आपल्या सुखापायी कोणाचे काय खर्ची पडले, ते मोजणे आणि जमेल तेवढे फेडणे.

घरी परतलो तेव्हा आई न्हाणीघरातल्या चुलीवर दोरी बांधून माझे कपडे वाळवीत होती. दर पावसाळ्यात ती हेच करते. मी प्रथमच पाहिले.

येत्या मे महिन्यात आम्ही चौघे पुन्हा कणकुंबीच्या वाटेला जाणार आहोत. या खेपेस पिशव्या नेणार नाही. मोळ्या वाहायला पाठ मोकळी हवी.