भट्टी ही शेवटची पायरी

जानेवारी 2016 मध्ये मुंबईची देवनार कचराभूमी पेटली आणि धुराने आसपासच्या वस्त्यांचा श्वास कोंडला. तेथे 1927 पासून कचरा साठत आला होता. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी वर्षानुवर्षे सोसला. विहिरींचे पाणी नासले, तेव्हा गाड्या अडवण्यासाठी ग्रामस्थांना रस्त्यावर उतरावे लागले. आपली घाण दुसऱ्याच्या वेशीवर टाकणाऱ्या शहराला स्वच्छ म्हणावे काय?

ओल्या कचऱ्याचे खत होते. कागद, काच, धातू भंगारवाला नेतो. प्रश्न उरतो तो कोणीच न घेणाऱ्या वस्तूंचा : वेफर्सची चकचकीत पाकिटे, शाम्पूच्या पुड्या, मळके प्लास्टिक, फाटक्या चपला, चिंध्या. हा कचरा वाळवून, बारीक करून त्याचे इंधन करता येते. ‘आरडीएफ’ या नावाने ते ओळखले जाते आणि सिमेंटच्या भट्टीत कोळशाची जागा काही अंशी घेते.

या भट्टीचे वैशिष्ट्य समजून घेतले पाहिजे. तिच्यातील ज्वाला सुमारे 2000 अंश सेल्सिअसची असते आणि कच्चा माल 1450 अंशांपर्यंत तापतो. आत चुनखडी असल्याने आम्लधर्मी वायू बव्हंशी शोषले जातात. राख क्लिंकरमध्येच मिसळते, वेगळी पुरावी लागत नाही. उघड्यावर कचरा जाळणे आणि हे ज्वलन यांत म्हणूनच महदंतर आहे. शिवाय परदेशातून येणाऱ्या कोळशावर आणि पेटकोकवर खर्च होणारे चलनही वाचते. जर्मनीतील सिमेंट उद्योग आपली दोन तृतीयांशांहून अधिक उष्णता अशा पर्यायी इंधनांतून मिळवतो.

आपल्याकडे कायदाही मागे राहिलेला नाही. किलोमागे 1500 किलोकॅलरी वा अधिक उष्णता देणारा, पुनर्वापर न होणारा कचरा भूमीत पुरू नये, असे 2016 च्या नियमांनी सांगितले. शंभर किलोमीटरच्या परिसरातील उद्योगांनी किमान 5 टक्के इंधन आरडीएफचे वापरावे, असेही बंधन घातले. 2026 च्या नव्या नियमांनी हे प्रमाण सहा वर्षांत 15 टक्क्यांवर नेण्याचे ठरवले आहे.

मग घोडे अडते कोठे? पहिली अडचण अंतराची. महाराष्ट्रातील मोठ्या सिमेंट भट्ट्या प्रामुख्याने चंद्रपूर, यवतमाळकडे. कचऱ्याचे डोंगर मुंबई-पुण्यात. हलक्या, फुगीर मालाची इतकी दूर वाहतूक परवडत नाही. हा भार कचरा करणाऱ्या शहरांनीच उचलणे न्याय्य होय. दुसरी अडचण अधिक घरगुती आहे. भाजीच्या देठांत कालवलेले प्लास्टिक ओले असते. भट्टीची उष्णता पाणी आटवण्यातच खर्ची पडते. पीव्हीसीतील क्लोरिन भट्टीलाही बाधते आणि हवेलाही. त्यामुळे धुराड्यातून काय बाहेर पडते, याचे मोजमाप शेजारच्या गावांना नियमित कळलेच पाहिजे. फुरसुंगीचे दुःख गडचांदूरच्या माथी मारण्यात कसला पुरुषार्थ?

आणखी एक सावधगिरी हवी. पुण्यात 1993 मध्ये कचरावेचकांनी आपली संघटना उभारली. त्यांच्या हातांनी वेगळा झालेला माल कारखान्यांत पुन्हा कामी येतो. भट्टीची भूक भागवण्यासाठी तोच कागद, तेच चांगले प्लास्टिक जाळले गेले, तर या कष्टकऱ्यांच्या ताटातील भाकरी हिरावली जाईल. क्रम ठरलेला असावा : आधी वापर कमी, मग पुनर्वापर, मग पुनर्निर्मिती आणि अखेरीस भट्टी.

जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या आणि बोहारणीला कपडे देऊन भांडे घेणाऱ्या समाजाला हा क्रम नव्याने शिकवावा लागू नये. यंत्रे शासन आणील, भट्ट्या उद्योग चालवतील. परंतु ओले-सुके वेगळे करणारा हात घरातलाच लागेल. देशकार्याचा आरंभ स्वयंपाकघरातील दोन डब्यांपासूनही होऊ शकतो.