भीमाचा लोभ : परिवर्तनाचे टप्पे आणि आपले वाचन



कथेतील पात्रावर लोभाचा काय परिणाम झाला, असा प्रश्न आला की ‘लोभाचे फळ वाईट असते’ हे उत्तर बहुतेकांच्या लेखणीवर तयार असते. हे उत्तर चुकीचे नाही, अपुरे आहे. तात्पर्य सुभाषितातही मिळते. कथा वाचायची ती माणूस तिथवर कसा पोहोचला हे समजून घेण्यासाठी.

अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा या दृष्टीने पाहा. लेखक वाटेगावचे, म्हणजे आताच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्याचे. कथानायक भीमा वारणेकाठचा धिप्पाड गडी. पोटासाठी तो मुंबईला येतो, दगडाच्या खाणीत राबतो आणि खाण बंद पडताच बेकार होतो. पाऊस हुकला की ऊसतोडीला नाही तर शहराकडे निघणारी माणसे जत तालुक्यातील आपणांस परकी नाहीत. भीमाचे हे पहिले पाऊल आपण सहज ओळखतो.

राखेत त्याला सोन्याची अंगठी सापडते, तो योगायोग. तो दुसऱ्या दिवशी मुद्दाम राख चाळू लागतो, ती गरज. माझ्या मते खरे परिवर्तन याही पुढचे आहे. खाणीतल्या घामाची आणि राखेतल्या सोन्याची तो मनाशी तुलना करतो, बायकोच्या विरोधाला उत्तरे देतो, आणि कष्टापेक्षा हीच कमाई त्याला शहाणपणाची वाटू लागते. गरजेला मर्यादा असते, समर्थनाला नसते. गरजेने स्मशानात गेलेला माणूस समर्थनाच्या बळावर पुरलेले प्रेत उकरण्यापर्यंत येतो. त्याच प्रेतासाठी आलेल्या कोल्ह्यांशी तो झुंजतो, तेव्हा एकाच भक्ष्यासाठी झगडणाऱ्या दोन बाजूंत माणूस आणि जनावर हा भेद उरत नाही. लेखकाने यावर प्रवचन केलेले नाही, प्रसंगच बोलतो.

‘परिस्थितीच दोषी, भीमा निर्दोष’ असेही काही वाचक म्हणतील. ते मला मान्य नाही. बायकोचा विरोध कथेत आहे, तो याचसाठी : दुसरा विचार त्याच्या घरातच उपलब्ध होता. तरीही सारा दोष त्याच्या स्वभावावर टाकणे हाही अन्यायच. प्रेताच्या जबड्यात अडकून जायबंदी झालेली त्याची बोटे कापावी लागतात आणि त्याच वेळी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. काम वेळेवर मिळाले असते तर हा माणूस स्मशानात गेला नसता, हे त्या एका बातमीने कळते. गमावली तीही बोटेच, ज्यांच्या जोरावर त्याने पहार पेलली होती. कथेच्या शेवटी हा राकट गडी रडतो, ते सोने गेले म्हणून नव्हे, असे मला वाटते.

म्हणून उत्तर लिहिताना पात्राला शिक्षा सुनावण्याची घाई करू नका. योगायोग, गरज, समर्थन आणि हानी हे चार टप्पे प्रसंगांच्या आधारे दाखवा. भीमाची जबाबदारी किती आणि त्याला बेकार करणाऱ्या व्यवस्थेची किती, याचा निर्णय मग स्वतः करा. तो माझ्याहून वेगळा असला तरी चालेल; मात्र तो कथेतून निघालेला असावा.