दोन अंडी, पाच पाव

खलनायकावाचून नाटक उभे राहत नाही, हे नाट्यकलेचा पहिला धडा गिरवणाऱ्यालाही ठाऊक असते. तेव्हा पडद्यावर दुष्ट माणसे दाखवूच नयेत, असा बाळबोध आक्षेप मला घ्यायचा नाही. माझे भांडण दुष्टाशी नाही. सगळा दुष्टपणा एकाच देहात कोंबून बाकीच्यांना निर्दोष सोडून देणाऱ्या कथेशी आहे. आणि ती कथा जेव्हा स्त्रियांच्या तुरुंगाची असते, तेव्हा हे भांडण जरा कडक शब्दांत मांडणे भाग आहे.

ऑस्ट्रेलियात १९७९ ते १९८६ या काळात ‘प्रिझनर’ नावाची दूरचित्रवाणी मालिका चालली. १९८२ मध्ये तीत जोन फर्ग्युसन नावाची तुरुंग अधिकारी अवतरली. धिप्पाड बांधा, थंड नजर आणि बंदिनींची झडती घेताना हातांत चढवलेले काळे चामडी मोजे. मॅगी कर्कपॅट्रिक या अभिनेत्रीने ती अशा ताकदीने उभी केली की मालिका संपली तरी फर्ग्युसन संपली नाही. पुढे २०१३ ते २०२१ मध्ये ‘वेंटवर्थ’ या नावाने तीच कथा नव्याने सांगितली गेली, तेव्हा पामेला रेब या अभिनेत्रीच्या रूपाने ती पुन्हा आली, या खेपेस तुरुंगाची प्रमुख म्हणून. ती छळते, कारस्थाने रचते, खून करते. मग स्वतःच कैदी होते, इतर बंदिनींची म्होरकी होते, जिवंत पुरली जाते आणि तरीही परत येते. निर्मात्यांना तिला सोडवेना! अशी हुकमी खलनायिका सापडल्यावर कोण सोडील? आपल्या मराठी मालिकांतील कपटी सासवा आणि जावा याच गोत्रातल्या आहेत. फक्त त्यांच्या हातांत मोज्यांऐवजी बांगड्या असतात.

सातासमुद्रापलीकडच्या या मालिका आता घराघरांतल्या मोबाइलवर पोहोचल्या आहेत. कारागृहात भेटीला जाणारा धर्मगुरू म्हणून आमच्या धर्मग्रामातील एका महाविद्यालयीन तरुणाने मला विचारले, “फादर, जेलमध्ये खरंच असं असतं का?” मी म्हटले, “नाही रे बाबा, तिथे एवढी करमणूक नसते.” तो हसला. मला हसू आले नाही, कारण त्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर भायखळ्यात आहे.

२३ जून २०१७. मुंबईच्या भायखळा महिला कारागृहातील बंदिनी मंजुळा शेट्ये हिचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. भावजयीच्या खुनाबद्दल ती जन्मठेप भोगत होती. चांगल्या वर्तणुकीमुळे तिला वॉर्डर नेमले होते. म्हणजे इतर बंदिनींवर देखरेख ठेवणे आणि शिध्याच्या वाटपाकडे लक्ष देणे हे तिच्याकडे होते. त्या सकाळी दोन अंडी आणि पाच पाव यांचा हिशेब लागेना. तंटा एवढ्यावरूनच उपस्थित झाला. पुढे तिला किती निर्दयपणे मारले गेले, ते सहबंदिनींनी आपल्या तक्रारीत सांगितले आहे. ते येथे, कुटुंबाने एकत्र बसून वाचायच्या पानांवर, मी उतरवून घेत नाही. कारागृहाच्या सहा महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल होऊन त्यांना अटक झाली. या मृत्यूचा निषेध म्हणून बंदिनी छपरावर चढल्या, तर त्यांच्यापैकी दोनशेहून अधिक जणींवर दंगलीचा गुन्हा नोंदवला गेला. दोषी कोण, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. ते मी माझ्याकडे घेत नाही.

परंतु वाचकहो, दोन आणि पाच हे आकडे वाचून ख्रिस्ती माणसाला थबकायला होते. गालीलच्या परिसरात पाच भाकरी आणि दोन मासे हजारोंना पुरून उरले. भायखळ्यात त्याच मापाचे अन्न एका स्त्रीच्या जिवावर उठले.

आता या घटनेवर मालिका लिहायला बसा पाहू. काळे मोजे कोणाच्या हातांत घालणार? आरोपी एक नाही, सहा आहेत. सरकारी पगारावर पाळ्या करणाऱ्या, गणवेशातील नोकरदार स्त्रिया. आणि जी मेली ती तरी निष्पाप नायिका होती काय? ती शिक्षा झालेली गुन्हेगार होती. तुरुंगाने दिलेला थोडासा अधिकार तिच्याही हातात होता. भांडणाचे मूळ म्हणाल तर ते शिध्याच्या नोंदवहीत. मोजकी भाकरी, अपुरी जागा, वरून येणारा जाब, खाली उतरणारा राग आणि ज्यांच्यावर तो काढला तरी बाहेर कोणी विचारणार नाही अशा स्त्रिया. ही सारी यंत्रणा फर्ग्युसनबाईंशिवाय व्यवस्थित चालते. म्हणून मी म्हणतो की पडद्यावरची ती राक्षसीण आपल्याला खोटे सांगते. ती मेली की तुरुंग सुधारला, असे प्रेक्षकाला वाटते आणि तो निर्धास्त झोपी जातो.

यावर कोणी म्हणेल, निदान अशा मालिकांमुळे तुरुंगातील छळ लोकांना कळतो तरी! छळ कळतो, हे खरे. पण तो अपवाद म्हणून कळतो, विकृत मनाची करणी म्हणून कळतो. नियमाने चालणारा छळ त्यांतून कळत नाही, कारण त्यात नाट्य नसते. तारखेला पोलीस बंदोबस्त मिळाला नाही म्हणून न्यायालयात नेलेच नाही, यात कसले नाट्य? आईबरोबर आत राहणाऱ्या लेकराला सहाव्या वर्षी तिच्यापासून दूर करतात, हा तर नियमच आहे.

खरे म्हणजे मराठी प्रेक्षकाला याहून शहाणी कलाकृती फार पूर्वी मिळालेली आहे. १९८२ चा ‘उंबरठा’ आठवा. शांता निसळ यांची ‘बेघर’ ही कादंबरी, विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन. तो तुरुंग नव्हे, स्त्रियांचे सुधारगृह आहे. पण कुलूप त्याच जातीचे. स्मिता पाटील यांनी साकारलेली अधीक्षक सुलभा महाजन प्रामाणिक आहे, आणि तिला सबंध चित्रपटात एकही राक्षस भेटत नाही. भेटते ती व्यवस्थापक समिती. भेटतात प्रतिष्ठित स्त्री-पुरुष, राजकारणी, बैठका, चौकशी. शेवटी ती राजीनामा देऊन बाहेर पडते. चित्रपटगृहातून बाहेर येणाऱ्याला कोणाला शिव्या द्याव्यात तेच कळत नाही, आणि ती अस्वस्थता घेऊन तो घरी जातो. समित्यांवर बसणारे आपल्यापैकी बरेच जण आहेत. धर्मगुरू तर बसतातच. म्हणून हा चित्रपट आपल्याला फर्ग्युसनपेक्षा अधिक बोचावा.

त्याच सुमारास मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात शीला बारसे ही पत्रकार पंधरा बंदिनींना भेटली. त्यांच्यापैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने सत्य पडताळण्याचे काम कोणाकडे सोपवले? मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांकडे. ही संस्था आपल्याच धर्मभगिनींनी १९५५ साली स्थापन केली, हे किती वाचकांना माहीत आहे? १५ फेब्रुवारी १९८३ रोजी निकाल लागला: स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, तिच्यावर महिला पोलिसांचा पहारा, महिला पोलिसांच्या उपस्थितीतच चौकशी, अटक होताच नातलगाला खबर आणि कायद्याची मदत. एक पत्र आणि एक अहवाल. यावर मालिका निघाली नाही, निघणारही नाही.

तुरुंग आपल्या जिल्ह्याला काही परका नाही. १९४२ ते १९४५ या काळात नेहरू, पटेल, आझाद येथल्याच भुईकोट किल्ल्यात बंदिवान होते. नेहरूंनी आपला ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ तेथेच लिहिला. शाळेच्या सहली ती खोली पाहायला जातात. थोर माणूस आत असला की कोठडीचे तीर्थ होते. गावातली बाई आत गेली की तिच्या आईशीही लोक बोलेनासे होतात. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत आपण हजारोंनी जमतो. तिथे नवस बोलणाऱ्यांत अशी एखादी आई असतेच, पण ती रांगेत कोणाला काही सांगत नाही.

आणि आता आपल्या गाठीची गोष्ट. देशातील कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही असे. एकूण कैद्यांत स्त्रिया शंभरात चार. त्यांच्यापैकी काहींना जामीन मंजूर झालेला असतो, जामीनदार नसतो. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी योजना काढली. तेव्हा तीत कच्च्या कैद्यासाठी चाळीस हजार रुपयांपर्यंत तरतूद ठेवली होती. कागद मंजूर आहेत. पण न्यायालयात ‘मी हिला ओळखतो’ असे म्हणून उभा राहणारा माणूस सरकारी योजनेतून मिळत नाही.

आमच्या श्रीरामपूर-राहुरीकडच्या धर्मग्रामांत उसाची शेती असलेली कुटुंबे कमी नाहीत. ट्रॅक्टरच्या कर्जाला एकमेकांचे जामीनदार व्हायला ती मागेपुढे पाहत नाहीत. अशाच एका बाईसाठी मी दोन रविवार मिस्सानंतर वेदीवरून विचारणा केली. कुजबुज झाली, पुढे कोणी आले नाही. एका सद्गृहस्थांनी मात्र नंतर हळूच विचारले, “फादर, तिने केलंय तरी काय?” न्यायालयाने अजून ठरवलेले नव्हते. मी तरी काय सांगणार?

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय न्यायालयाच्या आवारातच आहे. तिची पुढची तारीख महिनाअखेरीस आहे. येणाऱ्याने ओळखपत्र आणि चालू सातबारा बरोबर आणावा. गाडीची व्यवस्था धर्मग्राम करील.