आधी मला विचार

सुविचार आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या जोडीने आमच्याकडच्या व्हॉट्सॲप गटांवर हल्ली एक पीडीएफ फिरत असते. नाव दर वेळी थोडं वेगळं, मजकूर तोच. एआयकडून हवं ते काढून घेण्याच्या शंभर गुप्त कमांड. एक शब्द टाका आणि कमाल बघा! अभ्यासिकेत पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं ती पाठवतात, गुरुजी पाठवतात, महा ई-सेवा केंद्रावर ती छापून टेबलाच्या काचेखाली ठेवलेली असते. कमांड सगळ्या इंग्रजीत. त्यातल्या निम्म्या म्हणजे एकाच गोष्टीची निरनिराळी नावं, आणि उरलेल्यांतल्या बऱ्याचशा कुणीतरी हवेत सोडून दिलेल्या.

तरीही ही यादी निव्वळ थाप म्हणून मी फेकून देणार नाही. आखूड आज्ञेने उत्तर बदलतं, हे खरं आहे. ते कशाने बदलतं हे एकदा कळलं की शंभराची यादी पाच-सहांवर येते, आणि त्या पाच-सहा मराठीत सांगितल्या तरी चालतात.

२०१९ मध्ये ओपनएआयने जीपीटी-२ हे मॉडेल जाहीर केलं, तेव्हा त्याला सारांश लिहायचं वेगळं शिक्षण दिलेलं नव्हतं. संशोधकांनी बातमीच्या खाली फक्त ‘टीएल;डीआर’ एवढी अक्षरं जोडली आणि यंत्र सारांश लिहू लागलं. इंग्रजी इंटरनेटवर लांबलचक काही लिहिलं की लोक ही अक्षरं टाकून खाली थोडक्यात सार देतात. यंत्राने तसे नमुने भरपूर वाचलेले होते. ती अक्षरं काढून घेतली की सारांशाचा दर्जा घसरायचा. पुढे २०२२ मध्ये टोकियो विद्यापीठ आणि गुगलच्या संशोधकांनी शाब्दिक गणितांच्या एका संचावर प्रयोग केला. नुसतं गणित घातलं तर मॉडेलची १७.७ टक्के उत्तरं बरोबर आली. ‘चला, टप्प्याटप्प्याने विचार करू’ अशा अर्थाचं एकच इंग्रजी वाक्य जोडलं, तर ७८.७ टक्के. मॉडेल तेच, गणितंही तीच. आताची नवी मॉडेलं हा टप्प्यांचा विचार सांगितल्याशिवायच करतात, त्यामुळे त्या वाक्याची किमया बरीच उतरली आहे. पीडीएफमध्ये मात्र ते अजून पहिल्या पानावर मानाने बसलेलं असतं.

यातलं मर्म एवढंच, की हे यंत्र पुढे कोणता शब्द यावा याचा अंदाज बांधत लिहीत जातं, आणि आज्ञा त्याला लिहिण्याचं वळण दाखवते. ‘पाच ओळींत सांग’, ‘तक्ता कर’, ‘सातवीच्या मुलाला कळेल असं लिही’ ही सगळी वळणंच. ‘तू तीस वर्षांचा अनुभव असलेला कृषितज्ज्ञ आहेस’ हेही वळणच. त्याने यंत्राची भाषा तज्ज्ञासारखी होते, माहिती मात्र होती तेवढीच राहते. ही तज्ज्ञाची झूल मला तर धोक्याची वाटते, कारण मग चुकीचं उत्तरही मोठ्या रुबाबात येतं.

आता आपल्या वावरात येऊ. पावसाची झड लागली की घरोघर एकच प्रश्न असतो : ‘सोयाबीन पिवळं पडलंय, काय फवारू?’ चॅटबॉटला हेच विचारा. तो पानभर लिहून देईल. लोहाची कमतरता, नत्राची कमतरता, पाणी साचणं, मूळकूज, पिवळा मोझॅक. यातलं खोटं काहीच नाही आणि उपयोगाचंही काही नाही. ‘पाच ओळींत सांग’ म्हणालात तर हीच निरुपयोगी यादी पाच ओळींत येईल. पीडीएफमधल्या कमांडची मजल इथपर्यंतच.

त्याऐवजी असं लिहा : केज तालुका, चुनखडीची भारी जमीन, पेरून तीस दिवस झाले, आठवडाभर पाऊस लागून होता, कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, खालची जुनी पानं चांगली आहेत. उत्तर लगेच लोहाकडे वळतं. अशा जमिनीत लोह असतं, पण चुनखडीमुळे मुळांना ते उचलता येत नाही, आणि सततच्या ओलीने त्यात भर पडते. वापसा आला की पुष्कळदा पीक आपणच हिरवं होऊ लागतं. पण पानांवर पिवळे-हिरवे चट्टे असतील आणि पानाखाली पांढरी माशी दिसत असेल, तर दुखणं निराळं. तो मोझॅक. तिथे लोहाची फवारणी म्हणजे पैसे मातीत. रोगट झाडं उपटून नष्ट करायची आणि माशी आवरायची. हा फरक शेतकऱ्याच्या डोळ्यांनी टिपला आणि प्रश्नात उतरला, तरच यंत्राला कळतो.

यावर कुणीही विचारील, की काय काय सांगायचं हे ठाऊक असतं तर यंत्राला कशाला विचारलं असतं? रास्त आहे. म्हणूनच माझ्या लेखी सगळ्यांत मोलाची आज्ञा पीडीएफमध्ये शोधावी लागत नाही : ‘उत्तर देण्याआधी, लागतील ते प्रश्न मला विचार.’ तहसील कचेरीबाहेर बसणारा जुना अर्जनवीस आठवा. माणूस रडगाणं सुरू करायचा आणि हा मान वर न करता विचारायचा, गट नंबर? खातेदार कोण? वारस किती? फेर झालाय का? चार प्रश्नांत त्याला प्रकरण कळायचं आणि मग एका पानाचा अर्ज व्हायचा. चॅटबॉटला आपण होऊन असे प्रश्न विचारायची सवय कमी. त्याला उत्तर द्यायची घाई असते, आणि नसलेली माहिती तो मनाने भरतो. ही एक ओळ टाकली की तो थांबतो, जमीन कोणती, पेरणी कधीची, आधी काय फवारलं ते विचारतो. त्याचे प्रश्न वाचताना कधी कधी उत्तर आपल्यालाच सुचतं, हा वरचा लाभ.

पण खरी कसोटी शेतात नाही, सरकारी योजनांत आहे. आणि योजनांत पीक विमा हा तर बीडचाच विषय. २०२० मध्ये आपल्या जिल्ह्यात ८०:११० चं सूत्र आलं आणि पुढे राज्यभर ते ‘बीड पॅटर्न’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंतची भरपाई कंपनीने द्यायची, त्याच्या वरचा भार राज्याने उचलायचा. भरपाई जमा हप्त्याच्या ८० टक्क्यांहून कमी भरली तर कंपनीने हप्त्याचे २० टक्के स्वतःकडे ठेवून बाकीची रक्कम सरकारला परत करायची. मग २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा आला. २०२५ च्या मे महिन्यात सरकारने तो बंद केला आणि शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी पिकांना ५ टक्के असा झाला. त्याच फेरबदलात स्थानिक आपत्तीची भरपाई वगळली गेली आणि सगळा हिशोब पीक कापणी प्रयोगावर आला. नुकसान झालं की ७२ तासांत कळवा, हे वर्षानुवर्षं पाठ झालेलं वाक्य २०२५ च्या खरिपात कामाचं राहिलं नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा ही गोष्ट पुष्कळांना फार उशिरा कळली.

चॅटबॉटची गोची नेमकी इथे होते. त्याने वाचलेल्या मजकुरात ७२ तासांचे लेख वर्षानुवर्षांचे, एक रुपयाच्या बातम्या ढिगाने, आणि बदललेल्या नियमाचा मजकूर त्या मानाने चिमूटभर. साहजिकच साधा प्रश्न टाकला तर जुना नियम ताज्या नियमासारखा छातीठोकपणे पुढ्यात येऊ शकतो. इथे ‘थोडक्यात सांग’ ही आज्ञा उलट घात करते, कारण आटोपशीर उत्तरातून वर्ष आणि अटीच आधी गळतात. म्हणून विचारताना जोडा : ‘हा नियम कोणत्या वर्षाचा, कोणत्या हंगामाचा, ते लिही.’ एवढ्यानेही पुरी खात्री नाही. शासन निर्णयाची तारीख मागितली तर तो मनानेही एखादी ठोकून देतो.

यावर एकच खात्रीचा उपाय मला सापडला आहे. शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर मराठीत असतात. तो उतरवून घ्या, चॅटबॉटला द्या आणि बजावा : ‘फक्त या मजकुरातून सांग. यात नसेल तर नाही म्हण. कोणत्या कलमातून सांगितलं तेही लिही.’ मग यंत्राला आठवणीवर विसंबावं लागत नाही, समोरचं वाचायचं असतं, आणि वाचून सांगण्यात ते चांगलंच तरबेज आहे. ‘उपरोक्त संदर्भाधीन’ने सुरू होऊन चौथ्या पानावर ‘सबब’पाशी पोहोचणारं शासकीय मराठी माणसाच्या बोलीत आणायला आजवर कुणी मिळत नव्हतं. हे काम यंत्राने केलं तर मी त्याला रामराम घालीन. सांगितलेलं कलम मात्र मूळ कागदावर बोट ठेवून एकदा पडताळा.

अभ्यासिकेतल्या मुलांसाठी आणखी एक आज्ञा. ‘मुकुंदराज कुठले?’ असं विचारलं तर चॅटबॉट एका गावाचं नाव सांगून मोकळा होईल. आमच्याकडे तर हा प्रश्नच नाही. समाधी अंबाजोगाईला आहे, विषय संपला. पण शके १११० म्हणजे इसवी सन ११८८ चा त्यांचा ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ नागपूर जिल्ह्यात, वैनगंगेकाठच्या अंभोऱ्याला लिहिला गेला असं मानणारा अभ्यासकांचा एक पक्ष आहे. काळाबद्दलही वाद आहे. ‘मतभेद असतील तर सगळ्या बाजू सांग’ एवढं जोडलं की हे बाहेर येतं. अंबाजोगाईकराला दुसरी बाजू ऐकून फारसं बरं वाटत नाही, ते सोडा. स्पर्धा परीक्षेच्या पोराला ती माहीत असलेली बरी.

मराठीत विचारावं की इंग्रजीत, हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. मराठीतच विचारा. ही यंत्रं मजकुराचे तुकडे करून वाचतात, आणि देवनागरीचे तुकडे पूर्वी फार पडायचे. त्यामुळे मराठी महाग पडायची. ओपनएआयने मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आणलं तेव्हा एका नमुना मजकुराचे आकडे दिले होते : मराठीत आधी ९६ तुकडे, नव्या मॉडेलमध्ये ३३. राज्याच्या कृषी विभागाच्या ‘महाविस्तार’ ॲपमध्ये २०२५ पासून मराठीत उत्तर देणारा चॅटबॉटच आहे. टाइप करायचा कंटाळा असेल तर माइक दाबून बोला, पण पाठवण्याआधी काय उमटलं ते वाचा. औषधाचं नाव एका अक्षराने चुकलं तर उत्तर भलत्याच औषधाचं येतं.

दोन गोष्टींबद्दल मात्र सवलत नको. आधार क्रमांक, बँक खातं, ओटीपी यातलं काहीही चॅटबॉटमध्ये लिहू नका. सातबाऱ्याचा फोटो टाकायचाच असेल तर नावं आणि खाते क्रमांक झाकून टाका. आणि फवारणीचं प्रमाण त्याला विचारू नका, कितीही नेमकी आज्ञा सापडली असली तरी. ते बाटलीच्या लेबलवर छापलेलं असतं. त्यापुढे शंका उरली तर आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाई आणि खामगाव इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत, परभणीला कृषी विद्यापीठ आहे, आणि किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत फुकट लागतो. फोन लावताना पेरणीची तारीख आणि आधी काय फवारलं ते कागदावर लिहून समोर ठेवा.