भाडे थांबवू नका, कागद करा

बेळगावच्या जुन्या बाजारपेठेत, खडेबाजार असो वा गणपत गल्ली, आपले अनेक मराठी व्यापारी आजही भाड्याच्या गाळ्यात आहेत. वाडा एक, मालक एक, गाळे पाच-सहा. बोळ, जिना, नळ सर्वांचा. शेजारचा गाळा रिकामा होतो आणि तिथे वेल्डिंगचे दुकान किंवा खानावळ येते. बोळात सिलिंडर आणि मोटारसायकली, कापडाच्या ठाणांवर धूर, गिऱ्हाईक दारातूनच परत. मालक म्हणतो, "तुमचे तुम्ही बघून घ्या." दुकानदार संतापून भाडे थांबवतो. नेमके इथेच तो स्वतःचा खटला स्वतः बिघडवतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०८ प्रमाणे, भाडे भरणाऱ्या आणि कराराच्या अटी पाळणाऱ्या भाडेकरूला मुदतभर विनाअडथळा ताबा उपभोगू देण्याची हमी मालकाने दिली आहे, असे धरले जाते. करारात शब्द नसला तरी ही हमी असते. पण ती भाडे भरण्यावर टांगलेली आहे. म्हणून मालक घेत नसला तरी भाडे बँकेतून भरावे आणि पुरावा जपावा.

शेजाऱ्याच्या प्रत्येक उपद्रवाला मालक जबाबदार ठरतोच असे नाही. त्याने त्याच धंद्यासाठी गाळा दिला, किंवा त्रासाला संमती दिली, हे दाखवावे लागते. म्हणून पहिल्याच आठवड्यात त्याला लेखी कळवणे महत्त्वाचे. नंतर "मला माहीतच नव्हते" म्हणायला जागा राहत नाही. शेजाऱ्याविरुद्ध मात्र ताबेदार भाडेकरू स्वतःच्या नावाने दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागू शकतो. धंद्याचा परवाना आहे का, हे महापालिकेत विचारावे. आवाजासाठी २००० चे ध्वनिप्रदूषण नियम आहेत; व्यापारी भागात दिवसा मर्यादा ६५ डेसिबल. रस्त्यावरच्या लोकांनाही त्रास असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १५२ खाली दंडाधिकाऱ्याकडे जाता येते.

खरी दुखरी नस वेगळी आहे. चौदा चौरस मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दीडशे चौरस फुटांपेक्षा मोठा व्यापारी गाळा कर्नाटक भाडे कायदा, १९९९ च्या संरक्षणात येत नाही. अकरा महिन्यांचा कागद संपला आणि भाडे तसेच चालू राहिले की कुळ महिन्यावारी होते, आणि महिन्यावारी कुळाला पंधरा दिवसांची नोटीस पुरते. चाळीस वर्षांची पेढी पंधरा दिवसांवर! काही मालक हे ओळखूनच उपद्रवी शेजारी आणून बसवतात, हे बाजारात कोण जाणत नाही?

उपाय एकच: वर्षापेक्षा जास्त मुदतीचा नोंदणीकृत करार, आणि त्यात बोळ, जिना, नळ, सामान उतरवण्याची जागा यांचा उल्लेख. मुद्रांकाचा खर्च वाचवून आपण काय गमावतो, याचा हिशेब व्यापाऱ्याला आम्ही शिकवायचा का?

आणखी एक. अशा भांडणाला मराठी-कानडी रंग देण्याचा मोह होतो. सीमाप्रश्नावर आमची भूमिका सर्वांना ठाऊक आहे. पण गाळा रिकामा करू पाहणारा मालक अनेकदा आपलाच मराठी बांधव असतो, आणि त्याच बोळात अडकलेला दुसरा कुळ कानडी. त्या कुळाची सही आपल्या अर्जावर असली तर अर्जाला वजन येते. ती मागायला आजच जावे.